कवडीनं खाल्लेली टोपी

आमच्या पिंपळदऱ्याच्या शाळेत साडेअकराच्या सुमारास फोडणीचा वास वर्गात शिरतो आणि तिथून पुढे एकाही मुलाचा भागाकार बरोबर येत नाही. मी या शाळेत बदलून आले तेव्हा पहिल्या आठवड्यात या वासावर चिडले होते. दुसऱ्या आठवड्यात मीच खिडकीकडे बघायला लागले. हा वास म्हणजे बनूमावशी.

बनुबाई दहिफळे. कागदावर चोपन्न वर्षांच्या, स्वतःच्या सांगण्याप्रमाणे छप्पन्न. अंगानं बारीक, पण आवाज असा की ओढ्यापलीकडची गुरंही मान वर करून बघतील. शाळेचा पोषण आहार शिजवायला लागून त्यांना अठरा वर्षं झाली. ही नोकरी त्यांना कुणी दिली नाही, त्यांनी ती घेतली. तेव्हाची स्वयंपाकीण आजारी पडली होती, मुलं बिस्किटांवर दिवस काढत होती. बनूमावशी आपल्या कल्याणला सातवीत घालायला आल्या होत्या. चूल थंड बघून त्यांनी पदर खोचला, तांदूळ निवडले आणि तासाभरात साठ पोरांना जेवायला वाढलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचा अर्ज कुठंय?" मावशी म्हणाल्या, "ताटात हाय. खाऊन बगा."

त्याआधी त्यांनी ऊस तोडला. आमच्या पाथर्डी तालुक्याच्या या पूर्वेकडच्या गावांतून दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मावशींचे आईवडील जायचे, म्हणून मावशीही जन्मल्यापासून गेल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर एकोणीस हंगाम केले. मग एका दसऱ्याला त्यांनी कोयता आढ्याला खोचला आणि नवऱ्याला सांगितलं, "तुमी जावा. मी आन् पोरगं हितंच. पोरगं शाळंत जाईल, आन् मी पोराच्या मागं." नवरा दोन हंगाम एकटा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. दोन गाई घेतल्या. कल्याण आता पाथर्डीत एका दुचाकीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे आणि त्याची मुलगी सृष्टी माझ्याच वर्गात, चौथीत आहे.

मावशी स्वतः शाळेत एक दिवसही बसलेल्या नव्हत्या. सही मात्र सृष्टीनं शिकवली आहे, आणि ती करताना त्या श्वास रोखून धरतात.

गेल्या डिसेंबरात मी सहल नगरला न्यायचं ठरवलं. दरवर्षी शनिशिंगणापूर ठरलेलं असायचं. बिनदाराची घरं बघायची, तेल वाहायचं, उसाचा रस प्यायचा आणि परत. यंदा म्हटलं, नगरचं पारगावकर कलासंग्रहालय नव्यानं बांधून उघडलंय, ते दाखवू. ते संग्रहालय मी डी.एड.ला असताना पाहिलं होतं. एका जुन्या जिनिंगच्या दगडी इमारतीत होतं ते. एक ट्यूबलाइट लुकलुकायची, चित्रं एकमेकांना खेटून टांगलेली, छताला ओल, आणि मधल्या दालनात शिपायानं ज्वारी वाळत घातलेली. आम्ही पोरी दहा मिनिटांत बाहेर पडलो होतो. आता वर्तमानपत्रात फोटो पाहिले तर ओळखू येईना.

मावशींना सोबत यायला सांगितलं. चौतीस मुलं, त्यांचं जेवण, शिवाय दोन मुलांना गाडी लागते. मावशींशिवाय निभाव लागणं कठीण.

"तिथं देव कोनता?" त्यांनी विचारलं.

"देव नाही मावशी, चित्रं आहेत."

"नुसती चित्रं?"

"नुसती चित्रं."

"आन् त्येच्यापायी इक्त्या लांब?" त्यांनी जरा विचार केला. "बरं. दशम्या करते. चित्रं चांगली न्हाई निघाली तर दशम्या तर हायेत."

सकाळी साडेसहाला एसटीची ठरवलेली गाडी आली. करंजीचा घाट उतरेपर्यंत मुलांची सगळी गाणी गाऊन संपली आणि गाडी लागणाऱ्या दोघांना मावशींनी लिंबू हुंगवत आपल्या दोन्ही अंगांना बसवून नेलं. दहाच्या आत आम्ही संग्रहालयाच्या फाटकात होतो.

इमारत तीच होती. पण दगड धुऊन काढले होते, आणि जिथं गंजलेला पत्रा होता तिथं काच बसवली होती. त्या काचेतून ऊन सरळ खाली फरशीवर पडत होतं. आत पांढऱ्या भिंती, एका भिंतीवर तीन किंवा चारच चित्रं, मोकळी. काही चित्रं मुद्दाम खाली लावली होती, चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतील अशी. मला ते फार आवडलं. दारातच एक तरुण मुलगी उभी होती, खादीचा कुडता, गळ्यात ओळखपत्र. तिनं हात जोडले. "मी दिशा. इथली संग्रहपाल. म्हणजे या सगळ्या चित्रांची राखण माझ्याकडे."

मावशींनी चपला पायरीखाली काढल्या.

"मावशी, चपला घालून चालेल," दिशा म्हणाली.

"चालंल. पर फरशी लई साफ हाय, माज्या चपला तशा न्हाईत."

मग बघता बघता चौतीस मुलांनी आपापल्या चपला-बूट काढून मावशींच्या चपलांच्या शेजारी ओळीत लावले. दिशाला हसू आवरेना. सगळी सहल अनवाणी आत गेली.

मुलं पहिली पाच मिनिटं कुजबुजत होती, देवळात असल्यासारखी. मग ती मावशींच्या मागं मागं फिरायला लागली, कारण मावशी प्रत्येक चित्राशी बोलत होत्या. एका चित्रात परातीत वांगी मांडलेली होती. मावशी वाकून म्हणाल्या, "जून हायेत. बियांनी भरलेली. भरताला बी चालायची न्हाईत." एका जाड चौकटीत कुणी जुना साहेब होता, लाल गालांचा. "ह्याला कॉलर लई आवळती, कुनी तरी बटन सोडा रे त्याचं." चांदबिबीच्या महालाचं पावसाळ्यातलं एक चित्र होतं, डोंगर हिरवागार. त्याच्यापुढं मात्र त्या रेंगाळल्या आणि म्हणाल्या, "आत्ता हितं बसून भाकर खावी." दिशा आधी मुलांना माहिती सांगत होती. नंतर तीच ऐकत होती.

सगळ्यात शेवटी एक खोली होती, नव्यानं बांधलेली. दिशा दारात थांबली आणि तिनं मुलांना खाली बसवलं.

"ही खोली आमच्यासाठी खास आहे," ती म्हणाली. "इमारतीचं काम सुरू झालं तेव्हा माळ्यावर पोत्यांत बांधलेली बावीस चित्रं सापडली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती कुणी पाहिलीच नव्हती. नगरच्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, निसळ मास्तर, त्यांची ती चित्रं. मास्तर वारले, घरच्यांनी चित्रं इथं आणून दिली आणि ती तशीच राहिली. आम्ही ती स्वच्छ केली आणि आता पहिल्यांदाच भिंतीवर लावली."

समोरच्या भिंतीवर मोठं तैलचित्र होतं. उसाच्या पाचटाची एक कोपी, म्हणजे तोडणीवाली माणसं हंगामात राहायला उभारतात तसली झोपडी. तिच्यापुढं सात-आठ वर्षांची मुलगी मांडी घालून बसलेली. केस पिंगट, परकर फाटका. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे आणि पाण्यानं भरलेले, दोन्ही हात पोटावर आवळलेले. कोपऱ्यात एक काळी शेळी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, तोंडात काहीतरी पांढरं धरलेलं. खाली पाटी होती: 'उपाशी. ऊसतोड कामगाराची मुलगी. सुमारे १९७८.'

दिशाचा आवाज हळू झाला. "बघा, मुलांनो. या मुलीचे डोळे बघा. पोटावरचे हात बघा. एकही शब्द न बोलता चित्रकारानं तिची भूक आपल्याला दाखवली आहे."

मुलं गंभीर झाली. आमच्या वर्गातली निम्मी मुलं ती कोपी आतून ओळखतात.

आणि मागून आवाज आला, "अगं बया! कवडी!"

मी वळले. मावशी दारात उभ्या होत्या. गाडी लागलेल्या एका मुलाला तोंड धुवायला नेलं होतं, त्या आत्ताच आत आल्या होत्या.

"कवडी हाय की ही! आमची कवडी! हे बगा, कानाला खाच. जन्मताच कुत्र्यानं वढला हुता." त्या सरळ चित्राजवळ गेल्या. मग त्यांचे डोळे शेळीवरून मुलीवर गेले, आणि त्या थांबल्या. मुलीच्या परकराकडे बघितलं, पायाकडे बघितलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"आन् ही मी," त्या हळूच म्हणाल्या.

सृष्टीचं तोंड उघडंच राहिलं.

मग मावशींनी शेळीच्या तोंडातलं ते पांढरं निरखून पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग भिंतीला टेकून त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मुलंही कारण न कळता हसायला लागली.

"मावशी, काय झालं?" मी विचारलं.

"टोपी हाय ती! मास्तरांची टोपी!"

दिशा गोंधळली. "ते उसाचं पाचट असावं, असं आमच्या तज्ज्ञांचं मत आहे."

"पाचट असं असतंय व्हय ताई? पाचटाला घडी असती का?" मावशींनी डोळे पुसले आणि मुलांसमोर फतकल मारून बसल्या. "ऐका. राहात्याच्या पुढं आमची टोळी उतरली हुती. मी आसन आठ वर्साची. तिथं एक मास्तर सायकलवर यायचे, बहिनीकडं सुट्टीला आलेले. हातात वही. बैल काढायचे, गाडी काढायची, बाया काढायचे. येक दिस मला म्हनले, बनी, बस हितं, हलायचं न्हाई, हसायचं न्हाई. मी बसले. त्यांनी टोपी काढून मागं गाडीच्या दांडीवर ठेवली. आन् कवडी आली. त्यांच्या पाठीमागं उभी राहिली आन् टोपी खायला लागली. मला समदं दिसतंय! मास्तर मला म्हनत्यात, शाब्बास, अशीच बस. आन् कवडी चावतीय, चावतीय. सांगू कशी? हलायचं न्हाई म्हनले ना! मी पोट आवळून धरलं. डोळ्यांतनं पानी यायला लागलं. मास्तर म्हनले, बाळ, रडू नको, झालंच."

मुलं लोळायला लागली होती.

"मग?" सृष्टीनं विचारलं.

"मग काय, मला ऱ्हावलं न्हाई. फुटलेच. मास्तरांनी मागं बघितलं तर निम्मी टोपी ग्येलेली. मला वाटलं आता मारत्यात. तर ते धुरळ्यात खाली बसले आन् माज्यापरीस जास्त हसले."

मी पुन्हा चित्राकडे बघितलं. तेच मिटलेले ओठ, तेच पाणावलेले डोळे. क्षणभरापूर्वी मला त्यात भूक दिसली होती. आता त्या ओठांच्या दोन्ही कडा वर ओढलेल्या दिसत होत्या, गालांत हवा कोंडलेली दिसत होती. कुणीही शाळामास्तर ओळखेल असा चेहरा. वर्गात मागच्या बाकावर रोज एक तरी असतो.

दिशाही बघत होती. पण ती आपल्या कामाची पक्की होती. "मावशी, मला तुमचं खोटं वाटत नाही," ती जपून म्हणाली. "पण त्या काळी प्रत्येक टोळीत अशी एखादी मुलगी असणार. एखादी शेळीसुद्धा. मला नोंद करायची तर काहीतरी आधार लागेल."

मावशींना राग आला नाही. "बरोबर हाय. उद्या कोनी बी यील आन् म्हनंल ही मीच." त्या आठवायला लागल्या. "त्यांच्या वहीत माजी आई हुती. वाढ्यांची मोळी बांधताना. आन् मुकादम हुता, काकासाहेब. भर दुपारी छत्री लावून बाजंवर घोरत पडलेला. तो जागा झाला, चित्र बघितलं आन् पान टरकन् फाडलं. म्हनला, मालकानं बघितलं तर माजी मुकादमी जाईल. मास्तर लई हळहळले, लई दिस म्हनत हुते, ते माजं सगळ्यात चांगलं चित्र हुतं."

दिशानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "पान फाडलं?"

"अर्धं वहीतच ऱ्हायलं. त्याच्यावर नुसती छत्री उरली."

दिशा आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरे हातमोजे होते आणि एक चपटी पेटी. तिनं ती टेबलावर ठेवली, आतून एक जाड, कडा झिजलेली वही काढली. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. मी त्यांना हात मागं बांधायला लावले. मावशींनीही मागं बांधले.

दिशा एकेक पान उलटत होती. बैलांची शिंगं. कोयता. गाडीचं चाक. झोपलेलं कुत्रं. मग एक पान आलं, खालच्या बाजूनं तिरकं फाटलेलं. उरलेल्या तुकड्यावर पेन्सिलीनं काढलेली छत्री होती, बाकी काही नाही.

"गेले वर्षभर आम्ही डोकं खाजवतोय, की ही छत्री हवेत का आहे," दिशा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मावशी, ही वही आजवर कुणालाच दाखवलेली नाही."

तिनं पुढचं पान उलटलं. एक बाई, वाकलेली, हिरव्या वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, मोळी आवळताना. पदराचं टोक दातात धरलेलं. कपाळावर मोठं कुंकू. मोळीला लावलेला गुडघा.

मावशी वाकल्या, आणखी वाकल्या. हात मागं बांधलेलेच होते.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्या मला म्हणाल्या, "बाई, माज्याकडं आईचा फोटू न्हाई. कुनीच काढला न्हाई. मी दहा-अकरा वर्साची आसताना ती ग्येली. लई येळा मी डोळं मिटून बगायची, तर दिसायचीच न्हाई. नुसता हात दिसायचा, बांगड्या दिसायच्या. तोंड न्हाई दिसायचं." त्यांनी नाक पुसलं. "अशीच धरायची पदर. दातात. म्हनायची, हात मोकळे पायजेत. लंकाबाई तिचं नाव."

सृष्टी त्यांच्या कमरेला बिलगली. "आजी, ही माझी पणजी?"

"व्हय. बग, तुजं कपाळ."

दिशानं शेवटची काही पानं उलटली. एका कोपऱ्यात अगदी छोटं चित्र होतं, घाईनं गिरबटलेलं, टोपीची गोष्ट ऐकली नसती तर ओळखू आलं नसतं असं: शेळी, आणि तिच्या तोंडातून लोंबणारी टोपी. खाली पेन्सिलीची पुसट अक्षरं. दिशानं भिंग धरलं. "आम्हाला यातला एकच शब्द लागला होता, म्हणून यादीत या पानाची नोंद 'कवडी, कदाचित शिंपल्याचा अभ्यास' अशी आहे," असं म्हणून ती लाजली. मग तिनं मोठ्यानं वाचलं, "बनीची कवडी. माझी टोपी."

चौतीस मुलांनी असा ओरडा केला की बाहेरचा सुरक्षारक्षक धावत आला. दिशानं त्याला हात करून परत पाठवलं. तिनं स्वतःच हातमोजे काढले आणि मावशींचे दोन्ही हात हातात घेतले.

नंतर आम्ही आवारातल्या लिंबाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दिशाही आमच्यात जेवायला बसली. खाता खाता तिनं विचारलं, "मावशी, पाटी बदलावी लागेल. तुम्ही सांगा, काय लिहू?"

"उपाशी तेवढं काढा," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या हुत्या. वर मास्तरांच्या डब्यातला लाडू." त्यांनी एक दशमी सृष्टीच्या हातावर ठेवली. "उपाशी दिस बी काढलेत, ताई. न्हाई म्हनत न्हाई. पर त्या दिवशी न्हाई. त्या दिवसाला उगं कशाला बट्टा?"

मुलांनी नावं सुचवायला सुरुवात केली. 'शेळी आणि टोपी', 'हसू नको बनी', 'चोर कवडी'. दिशा प्रत्येक नाव आपल्या वहीत गंभीरपणे लिहून घेत होती.

महिन्याभरानं शाळेच्या पत्त्यावर संग्रहालयाचा लखोटा आला. पत्रात लिहिलं होतं की चित्राची पाटी बदलली आहे, आणि वहीतल्या लंकाबाईंच्या रेखाटनाची मोठी प्रत त्याच खोलीत चौकटीत लावली आहे. सोबत घरी ठेवायला तशीच एक प्रत होती. मी पत्र वर्गात वाचलं. मावशी दारात डाव धरून उभ्या होत्या. त्या दिवशी खिचडी खाली लागली, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मुलांनी खरवडसुद्धा मागून मागून खाल्ली.

मावशींचा एक धाकटा भाऊ आहे, सूर्यभान. बीडकडे टेम्पो चालवतो. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. मावशींनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी नगरला ये. आई भेटवते."

तो बिचारा घाबरून आला. बहिणीला काही भ्रम झाला की काय, असं त्याला वाटलं होतं. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा. मी म्हटलं, "आत चला, भाऊ."

नव्या पाटीवर लिहिलं होतं: 'हसू दाबणारी बनी आणि तिची शेळी कवडी. राहात्याजवळचा ऊसतोडणी तळ, १९७८. शेळीच्या तोंडात चित्रकाराची टोपी आहे. माहिती: बनुबाई दहिफळे, पिंपळदरा.' सृष्टीनं ती मोठ्यानं वाचली. मावशींनी शेवटच्या ओळीवर बोट धरून आपलं नाव स्वतः वाचलं, एकेक अक्षर जोडत, श्वास रोखून.

सूर्यभान मात्र दुसऱ्या भिंतीवरच्या आईच्या चौकटीपुढं उभा होता. उंच, रापलेला माणूस, हातात टेम्पोची किल्ली.

"आक्के," तो म्हणाला, "ही तर तूच हायस."

"माजा तोंडावळा आईचा हाय रे."

"व्हय. मंग मला आई ठाव हुती की." तो बहिणीकडे बघत म्हणाला. "इक्ती वर्सं समोरच हुती."

मावशींनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. मग त्यांनी चौकटीच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं दोन बांबूंना बांधलेली झोळी होती. आम्ही पहिल्यांदा वही बघितली तेव्हा आईच्या चेहऱ्यापुढं कुणाचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. झोळीच्या कडेवरून एक बारकासा पाय बाहेर आला होता, पाचही बोटं फाकलेली.

"हे कोन?" सूर्यभाननं विचारलं.

"झोळीत दुसरं कोन आसनार? तवा टोळीत येवढं बारीक तूच हुतास. आन् झोळीत पाय आत कवा ठेवलाच न्हाईस."

सूर्यभाननं तो पाय पाहिला. वाकून पाहिला, चष्मा लावून पाहिला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला, बायकोला फोन लावला आणि त्या शांत, पांढऱ्या, नव्याकोऱ्या दालनात टेम्पोवाल्याच्या आवाजात ओरडला, "अगं, मी म्युझियममधी हाय! न्हाई, न्हाई, बघायला न्हाई! भिंतीवर हाय, भिंतीवर!"